करणाऱ्याचा घास

४ फेब्रुवारी

ताई,

डबा आधी उघड, पत्र मग वाच. तळाशी बर्फाची पिशवी आहे, ती काढून टाक, नाहीतर पाणी सुटून खालचा कुरकुरीत भाग मऊ पडेल. आत सहा टार्ट आहेत. वरचं कस्टर्ड जरासं करपवलेलं आहे, तेही मुद्दाम. तेव्हा ‘वाटेत जळलं वाटतं’ म्हणून फेकून देऊ नकोस. आईला एक दे. गरम करू नकोस. लहान चमच्याने दे.

फोन का केला नाही, हे तू विचारणार नाहीस, तरी सांगते. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण जुंपतं. दोन वर्षं हेच चाललंय. पत्रात निदान तुला मधे तोंड घालता येत नाही आणि मला आपटायला फोन मिळत नाही.

तुझं कार्ड मिळालं. शाळेच्या ऑफिसात नोटीस लिहितेस तसंच लिहिलंयस. ‘आई जेवत नाही. हिवाळा लागल्यापासून वजन उतरतंय. डॉक्टर म्हणतात, मार्चअखेरपर्यंत असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. तुला कळवलं.’ बरं. कळलं.

कार्ड वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि कामाला गेले. वाईट वाटायला हवं होतं. तेवढं वाटलं नाही. कधी कधी ते मागाहून येतं म्हणतात, तेव्हा वाट बघतेय.

माझं काम तुला माहीत नसेल. आमच्या हॉटेलवाल्यांनी नवीन हॉटेल काढलंय आणि तिथल्या गोडाच्या पदार्थांसाठी मला मोठमोठ्या शहरांतून फिरवतायत. सकाळी निघायचं, एका बेकरीतून दुसऱ्या बेकरीत जायचं, बसायचं, खायचं, लिहायचं. लोकांना वाटतं काय नशीब काढलंय बाईने, आयतं खायचं आणि वर पगार घ्यायचा. खरंच आहे ते. मी भरपूर खाते. इथल्या लॉन्ड्रीतून कपडे सैल होऊन येतात, एवढीच काय ती तक्रार.

तर मी ठरवलंय. नाहीतरी फिरतेच आहे, प्रत्येक शहरात जे सगळ्यात चांगलं मिळेल ते आईला पाठवायचं. कुठे ना कुठे असं काहीतरी असेलच, जे बघून तिला खावंसं वाटेल. वीस वर्षं मी लोणी आणि साखरेत हात घालून उभी आहे. स्वतःच्या आईच्या तोंडात एक घास जाईल असं काही मला शोधता येत नसेल, तर हे शिक्षण घालायचंय काय चुलीत?

आणि भिऊ नकोस, हे टार्ट मी केलेले नाहीत, विकत घेतलेत. माझा खारट केक तू अजून विसरली नसशील. मी दहा वर्षांची होते, साखर समजून मीठ घातलं होतं. ‘करणाऱ्याचा घास झाला का?’ असं बाबांनी विचारलं, म्हणून मी सगळ्यांसमोर पहिला घास घेतला, आणि चेहऱ्यावरची माशीही हलू न देता तो गिळला. का, तर पुढचा घास तुझा होता. तू विश्वासाने खाल्लास आणि मोरीकडे धावलीस. आयुष्यातला माझा सगळ्यात यशस्वी पदार्थ तोच.

खोली ठीक आहे. खिडकी उघडली की समोर भिंत दिसते. भिंतीवर एक पाइप आहे. मी पाइपाकडे बघत चहा पिते.

तुझी,
धाकटी


१५ फेब्रुवारी

ताई,

शहर बदललं. इथे बंदर आहे, सगळ्या कपड्यांना ओलसर वास येतो. डब्यात बदामाची बिस्किटं आहेत, तोंडात घातली की विरघळतात, चावायचेही कष्ट नाहीत.

तुझं कार्ड या खोलीवर माझ्या आधीच येऊन बसलं होतं. ‘डबा मिळाला. आईने टार्ट हातात धरलं. कुणी केलं, म्हणाली. मी म्हटलं, धाकटीने पाठवलंय. कुठाय ती, म्हणाली, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसली. बराच वेळ बसली. शेवटी मीच हातातून काढून घेतलं. आता तूच समजून घे.’

समजले की. ‘ती बिचारी तुझी वाट बघतेय आणि तू डबे कसले पाठवतेस,’ असंच ना? तोंड आईचं, शब्द तुझे. लेकी बोले सुने लागे, हे आपल्या घरात सून नसतानाही झकास चालतं.

मी यायचं तरी कुठे? मागच्या अंगणात बाबांची पावाची भट्टी होती, तिथे आता तू स्कूटर लावतेस. बाबांना जाऊन सहा महिने झाले नव्हते तेव्हा तू ती फोडलीस, लोखंडी दार भंगारात घातलंस आणि मला काय लिहिलंस? ‘भट्टी काढली. तुला कळवलं.’ ते वाचून मी हॉटेलच्या किचनमध्ये सगळ्यांसमोर ओरडले होते. आमचा मॅनेजर, ज्याला आम्ही मागून घड्याळ म्हणतो, तो धावत आला, त्याला वाटलं कुणाचा हात मशीनमध्ये गेला. मला जोरात काही वाटलं ते तेव्हा शेवटचं. त्यानंतर सगळं शांत आहे.

इथली बेकरी खरंच चांगली आहे. लोणी त्याच सकाळचं, बदाम घरी भाजलेले. मी वहीत ‘उत्तम’ असं लिहिलं. मागच्या दुकानापुढेही तेच लिहिलं होतं, त्याच्या मागच्या दुकानापुढेही. घड्याळाने विचारलं, सगळंच उत्तम असेल तर निवडायचं कसं? मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार करायला बसले की मला झोप येते.

आईला बिस्किट दुधात बुडवून देऊन बघ.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

मुंग्या खूश आहेत, हे वाचून बरं वाटलं. आपल्या घरात कुणीतरी खातंय.

म्हणजे बिस्किटांचंही तेच झालं. ‘कुणी केलं? कुठाय?’ आणि मग डब्याचं झाकण लावून, डबा उचलून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवला. तू लिहिलंयस, ‘साभार परत केल्यासारखा.’ इतकं चांगलं वाक्य तू लिहिशील असं वाटलं नव्हतं.

मी मेसेज करून विचारलं होतं की ती मग खाते तरी काय. तू लिहितेस, दूध पिते, कधी केळं खाते, कधी संत्र्याच्या फोडी. बाकी ताटाला हात लावत नाही. स्वयंपाकाच्या मावशी सकाळी येतात, करतात, झाकून ठेवून जातात. तू शाळेत गेलेली असतेस. दुपारी ती झाकलेल्या ताटापुढे बसून राहते आणि तू आलीस की ताट तसंच असतं. तुझा हात मोडायच्या आधी तू स्वतः करत होतीस तेव्हा असं नव्हतं, हेही लिहिलंयस. प्लास्टर निघालं तरी तुझी मूठ वळत नाही, हे मला माहीत नव्हतं. कळवायचंस. बाकी सगळं कळवतेस.

मावशींच्या हाताला चव नसेल, असं मला वाटतं. म्हणून या वेळी पुडिंग पाठवतेय. काचेच्या बरणीत आहे, सांभाळून उघड. दूध, अंडी, किंचित जायफळ. पांढरं, मऊ, लहान मुलाला द्यावं तसं. या शहरात याच्यासाठी रांग लागते. मी रांगेत उभी राहिले. माझ्या पुढची बाई रांगेतच खायला लागली आणि खाताना तिने डोळे मिटले. मी तिच्याकडे बघत होते. पूर्वी कधीतरी मीही असं करत असणार.

काल इथल्या एका मोठ्या किचनमध्ये साखरेचं काम बघायला गेले होते. उकळता पाक माझ्या मनगटावर पडला, चांगला रुपयाएवढा. मी ‘भाजलं’ म्हणाले, ‘पाऊस आला’ म्हणावं तसं. तिथला शेफच घाबरला आणि मला ओढत नळाखाली घेऊन गेला. ‘दुखत नाही का हो मॅडम?’ मी म्हटलं, दुखतंय ना. दुखत होतंच. फक्त माझ्यापर्यंत पोहोचत नव्हतं.

काळजी करू नकोस, फोड बसलाय. लॉन्ड्रीची तक्रार मात्र वाढली आहे, आता पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं.

धाकटी


९ मार्च

ताई,

या वेळी डबा नाही. आणि हे उभ्याउभ्या वाचू नकोस, बस.

आधी एक सांगते, जे मी तुला खोटं लिहीत होते. मी खात नाही. चाखते. तोंडात घेते, चावते, जिभेला सगळं कळतं, लोणी कालचं आहे का, साखर किती तापवली, कुणी घाईत केलंय का निवांत. मग कागदी पेल्यात थुंकते आणि लिहिते. दिवसभर दुकानंच्या दुकानं चाखायची असतील तर आमच्यात बरेच जण असं करतात, त्यात नवल नाही. पण माझं काम संपलं तरी तेच व्हायला लागलं. साधा भात घेतला तरी तोंडात घास नुसता फिरत राहतो, खाली उतरत नाही. बाबा गेल्यानंतर कधीतरी सुरू झालं. दूध उतरतं. केळं उतरतं. लॉन्ड्री बिचारीचा काही दोष नाही.

आता परवाचं सांगते. या शहरात एका गल्लीच्या टोकाला लहानशी बेकरी आहे. दोन टेबलं, काचेच्या कपाटाचा कोपरा चिकटपट्टीने जोडलेला. यादीत नव्हती, पाय दुखले म्हणून आत शिरले. मालकीण साठीची, जाड चष्मा, चष्म्यावर पीठ. मी अक्रोडाचा केक मागितला, एक तुकडा चाखला आणि रुमालाआड पेला धरून थुंकले. सवयीने इतकं सफाईदार करते की कुणाला कळत नाही. हिला कळलं.

‘‘काय गं, वाईट झालाय?’’

‘‘नाही हो, छान आहे.’’

‘‘छान आहे तर थुंकलीस कशाला?’’

‘‘कामाचा भाग आहे माझ्या.’’

‘‘कसलं मेलं काम! पहाटे उठून केलाय मी तो. विष घातलंय का त्यात?’’

ती समोरची खुर्ची ओढून बसली. माझीच ताटली तिने स्वतःकडे घेतली, बोटांनी एक तुकडा मोडला आणि माझ्या डोळ्यांत बघत सावकाश खाल्ला. गिळला. तोंड उघडूनही दाखवलं, नाटकी बाई. ‘‘बघ. आहे ना जिवंत? खा आता.’’

आणि ताई, मी खाल्ला. माझा हात आपोआप पुढे गेला, घास तोंडात गेला आणि खाली उतरला. मग दुसरा. केक संपला तेव्हा ती हसून उठून गेली आणि मी रिकाम्या ताटलीकडे बघत बसले. हात कसा पुढे गेला, ते मला ओळखीचं वाटलं. रोज सकाळी बाबा पहिल्या घाण्यातला एक पाव गिऱ्हाइकांदेखत मोडायचे, अर्धा स्वतः खायचे, आणि मगच आपल्या दोघींचे हात तसे पुढे जायचे. घरातही तेच. आई भाजी करो की तू चहाबरोबर काही तळ, ज्याने केलं त्याने सगळ्यांसमोर आधी खायचं. ‘जो करतो त्याने आधी भोगावं,’ असं बाबा म्हणायचे. करणाऱ्याचा घास झाल्याशिवाय आपल्या घरात कुणी ताटाला हात लावलेला मला आठवत नाही.

आता आईचं बघ. तिला वार आठवत नाही. आपली नावं कधी आठवतात, कधी नाही. पण चाळीस वर्षं जे केलं ते आठवावं लागत नाही गं, ते हातातच असतं. ती जेवायला नाही म्हणत नाहीये. ती थांबली आहे. ‘कुणी केलं? कुठाय ती?’ म्हणजे ज्याने केलं त्याला बोलवा, त्याचा घास होऊ दे, मग मी खाते. म्हणून ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघते. म्हणून डबा उंबऱ्याशी नेऊन ठेवला. आणि आपण दोघी शहाण्या! तुला वाटलं ती माझ्या नावाने झुरतेय, मला वाटलं तू टोमणे मारतेयस.

तू करत होतीस तोवर तिच्यासमोर बसून आधी तू खायचीस, तुझ्याही नकळत. मावशी करतात आणि निघून जातात. दूध, केळं, संत्रं कुणी करत नाही, म्हणून तेवढं ती खाते. आणि मी काय केलं, तर शहरं पालथी घालून, ज्याच्या करणाऱ्याचा पत्ता नाही असे डबेच्या डबे तिच्या मांडीवर नेऊन ठेवले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मावशींना थोडं थांबायला सांग. तिच्यासमोर बसून त्यांनी एक घास खायचा. बस, एवढंच.

धाकटी


१७ मार्च

ताई,

तुझा मेसेज किती वेळा वाचला ते विचारू नकोस. उत्तर त्या इवल्याशा पडद्यावर मावणार नाही, म्हणून पत्र.

मावशींचं ऐकून मी कित्येक महिन्यांनी हसले. ‘मी दुसऱ्याच्या ताटात उष्टं करत नाही, आणि माझ्या हाताचा संशय येत असेल तर दुसरी बाई बघा.’ बरोबरच आहे त्यांचं. आपल्या घरची खोड, त्यांनी का म्हणून समजून घ्यावी? मग तू स्वतः घास खाल्लास तर आई म्हणाली, ‘तू कुठे केलंयस? तुझा हात मोडलाय ना?’ आणि तू खरंच करायला उठलीस, तर गॅसजवळ दिसताच ती रडायला लागली, कारण तू तिथेच तिच्या डोळ्यांदेखत पडली होतीस. कसली हुशार आहे बघ अजून. तिला फसवायची सोय नाही.

म्हणजे मी म्हणतेय ते खरं आहे, आणि म्हणून तू लिहिलंयस, ‘आता तू ये. सोमवारी मला नळीच्या कागदावर सही करायची आहे.’

आणि खाली भट्टीचं लिहिलंयस. बाबा गेल्यावर आई पहाटे एकटीच उठून भट्टी पेटवायची. दोनदा तू विझवलीस. तिसऱ्यांदा तिच्या झग्याची बाही पेटली. ‘तू विचारलं नाहीस, नुसती ओरडलीस. म्हणून सांगितलं नाही.’ हे वाचून मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. तुझा राग करायची मला इतकी सवय झाली होती की तो गेल्यावर हात ठेवायला जागाच सापडेना. तू एकटीने केलंस ते सगळं. विझवलंस, फोडलंस, शिव्याही खाल्ल्यास.

तरी मी अजून तिकीट काढलेलं नाही. का ते सांगते, रागावू नकोस.

मला भीती वाटतेय. बघ, वाटतंय काहीतरी, पण काय वाटावं तर हे! मी आले, केलं, आईसमोर बसले, घास घेतला आणि तो खाली उतरलाच नाही तर? ती गळ्याकडे बघत असणार. तिच्यासमोर मला पेला काढावा लागला तर ती परत कधी, कुणाच्या हातचं खाईल? त्या चष्मेवालीकडे मी नंतर दोनदा गेले. तिथे उतरतं, कारण तिथे आधी ती खाते. बाहेर दुसरीकडे खाऊन बघितलं, नाही उतरत. आणि घरी माझ्या आधी खाणारं कुणी असणार नाही. बाबांच्या आधी कोण खायचं? कुणीच नाही. त्यांना रोज कसं जमलं असेल, हे मी कधी विचारलं नाही.

नळीने निदान पोटात काहीतरी जाईल. माझ्याने त्याचीही खात्री नाही.

धाकटी

ता. क. हे पाकिटात घालणार तेवढ्यात तुझा फोन आला. तिसऱ्या वाक्याला भांडण झालं नाही, कारण तू दोनच वाक्यं बोललीस. ‘घरात एक न जेवणारी आहेच. दुसरीचंही ताट वाढीन, तू ये.’ आणि ठेवलास. पत्र टाकत नाही, बरोबरच आणते.


रविवार, दुपार. आपल्या स्वयंपाकघरातून.

ताई,

तू झोपली आहेस. दार लोटून घेतलंय. घोरतेस, हे तुला आजवर कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. उठवणार नाही, म्हणून हे दाराखालून सरकवतेय. पाकिटातलं आधीचं पत्रही वाच, जुनं झालं तरी तुझंच आहे.

सकाळी तू दार उघडलंस, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलंस आणि ‘काय हा अवतार’ एवढंच म्हणालीस. मग पिठाचा डबा कुठे ते दाखवलंस आणि खुर्चीतच डुलक्या घ्यायला लागलीस, तेव्हा मीच तुला आत ढकललं. तू किती दिवस झोपली नव्हतीस ते मला तेव्हा दिसलं.

दुसरं काही करायचा विचारच आला नाही. बाबांचा साधा दुधाचा पाव. ओव्हन तुझा इतका लहान आणि इतका हट्टी की पहिल्या सहा पावांचं बूड काळं झालं. ते कट्ट्यावर आहेत, हसून घे. मी पीठ आपटत होते तेव्हा आई तिच्या खुर्चीत सरळ झाली. दाराकडे तोंड करून बसली होती, पण या वेळी दारात बघायला मी होते. एकदा म्हणाली, ‘‘जोरात आपट.’’

दुसरा घाणा बरा निघाला. एक पाव ताटलीत घालून तिच्यापुढे ठेवला आणि समोर बसले. तिने पावाला हात लावला नाही. माझ्याकडे बघत राहिली.

‘‘कुणी केलं?’’

‘‘मी केलं.’’

‘‘हं.’’ आणि थांबली.

मी पाव मोडला. वाफ आली. घास तोंडात घातला, चावला, आणि माझा डावा हात टेबलाखाली पेला शोधायला लागला. तिथे पेला नव्हता. तिथे आईचा गुडघा होता. मी तोच धरला. घास तोंडात फिरत होता. ती माझ्या गळ्याकडे बघत होती, अगदी मी पत्रात लिहिलं होतं तशी, आणि घाई करत नव्हती. मला बाबा आठवले, गिऱ्हाइकांपुढे उभे राहून खाणारे. मग गिळलं. दुखलं गिळताना. डोळ्यांतून पाणी आलं, आणि या वेळी ते माझ्यापर्यंत पोहोचलं.

मग तिने हात पुढे केला. उरलेल्या अर्ध्याचा तुकडा मोडला, खाल्ला, नीट चावून खाल्ला, आणि म्हणाली, ‘‘मीठ कमी पडलंय.’’

पडलंच होतं गं. तिला बरोबर कळलं, मला कळलं नव्हतं. चाखण्यात माझी वीस वर्षं गेली.

अर्धा पाव संपवला. मग सूपही केलं, त्याचाही घास आधी मी घेतला, आणि तिने चार चमचे घेतले. चार चमच्यांनी काही नळी टळत नाही, हे मला कळतं. उद्या डॉक्टर काय म्हणतील माहीत नाही. पण उद्या सही करायच्या आधी त्यांना इथे जेवणाच्या वेळी बोलाव, किंवा आपण तिघी जाऊ आणि डबा मी करून नेईन. हॉटेलला मी कळवलंय. घड्याळ म्हणाला, किती दिवस? मी म्हटलं, आई जेवेल तितके.

तुझ्यासाठी दोन पाव ताटलीखाली झाकून ठेवलेत. दोन्हींचा एकेक तुकडा मी आधीच खाल्लाय, उष्टं म्हणायचं नाही. उठलीस की खा. भांडायचं असेल तर खाऊन मग भांडू, समोरासमोर, आणि तिसऱ्या वाक्याची वाट न बघता.

मी स्वयंपाकघरातच आहे. पुन्हा पीठ भिजवतेय. आई दारात बसून बघतेय. या खेपेला मीठ बरोबर घातलंय, आणि ताई, मला भूक लागली आहे.

धाकटी